दारावरून जाणारा द्रुतगती मार्ग

साखरकोंड, बौद्धवाडी
ता. रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५

पूज्य भन्ते सुमेध यांना,
आम्रपालीचे विनम्र वंदन.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. तू ऋत्विक होतास तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आता आली तर तू भिक्खू झालेला. माझ्या सख्ख्या काकांचा मुलगा, माझ्याहून लहान, शाळेत जाताना माझ्या ओढणीला नाक पुसणारा. पण चीवर घेतलेल्याला मान द्यायचा हे वाडीतल्या मुलांना मीच शिकवते. म्हणून असं ठरवलंय की पत्राची सुरुवात मानाने करायची आणि मधल्या भागात ताई म्हणून लिहायचं. नियमात बसत नसेल तर कळवावे.

तुमच्या विहारात नव्या भिक्खूंना मोबाईल देत नाहीत हे ऐकून वाडीतली सगळी तरुण मुलं हळहळली. मला मात्र आवडलं. माणूस पत्रात विचार करून बोलतो.

तर बातमी अशी. आपल्या वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेने वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेची धम्मसहल ठरवली आहे. आपल्या वाडीची गाव शाखा आणि मुंबई शाखा यांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर होतं, की ठरवणार मुंबई शाखा. राजेंद्र काका पुढारी आहेत. गावातून सखू आजीसकट सगळ्या बायका निघाल्या आहेत. आणि त्यांत गंगा काकीने, म्हणजे तुझ्या आईने, नाव घातलं आहे.

मी हरखून विचारलं, "काकी, ऋत्विकला भेटायला?"

तर म्हणाली, "मी कशाला त्याला बगाया जातंय? मना इमान बगायचं हाय."

तुला ठाऊकच आहे, तू दीक्षा घ्यायची म्हणून परवानगी मागितलीस तेव्हा ती चुलीपुढून ओरडली होती, "जा, कुठं जायचं तिकडं जा." तू ती परवानगी धरलीस आणि गेलास. तिचं म्हणणं, ते परवानगीचं वाक्य नव्हतं, रागाचं होतं. त्याला तीन वर्षं झाली. अजून तुझं नाव ती घरात काढत नाही. पण विमान बघायला निघालेली बाई काल माझ्याकडे येऊन विचारत होती, "तिकडं तांदूळ कसला असतो गो?"

मी येऊ शकत नाही. त्याच आठवड्यात माझी बी.एड.ची परीक्षा आहे. पण नियोजन माझ्याकडे आहे. घरातली पहिली पदवीधर म्हटल्यावर आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं आपोआप माझ्याकडेच येतं. तेव्हा कळव, विमानतळापासून तुझा विहार किती लांब? राजेंद्र काकांनी त्या प्रवासाला अख्खा दिवस ठेवला आहे.

आपली विनम्र,
आम्रपाली

•

जा-एला, श्रीलंका
९ फेब्रुवारी २०२५

आयुष्मती ताई,
मंगल होवो.

तू घातलेला नियम चांगला आहे. मीही सुरुवातीला भन्ते आणि नंतर तुझा भाऊ.

अख्खा दिवस कशाला? कोलंबो शहर आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ यांना जोडणारा द्रुतगती मार्ग आहे. कागदोपत्री राजधानी शेजारच्या गावात आहे, पण राजधानी म्हणून सगळे कोलंबोकडेच बोट दाखवतात. विमानतळाहून निघालेली गाडी चहा प्यावा असं मनात येईपर्यंत शहराला टेकते. आमचा विहार दोहोंच्या मध्ये आहे. रस्त्याला खड्डा नाही, सिग्नल नाही, मध्येच बसलेली म्हैस नाही. एका बाजूला खाडी आणि तिवरांचं रान. पहाटे झाडू मारताना आपल्या रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीचा वास येतो आणि मी झाडू मारायचा थांबतो. मग आमच्या विहाराचे प्रमुख, नायक भन्ते, खोकतात.

आईला सांग, मार्ग आमच्या विहाराच्या अगदी दारावरून जातो.

एक मात्र आधीच सांगतो. आम्ही माध्यान्हीनंतर जेवत नाही. सूर्य डोक्यावरून कलला की दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अन्न वर्ज्य. तेव्हा आई काही घेऊन येणार असेल तर माध्यान्हीच्या आत आलं पाहिजे. ती काही घेऊन येणार आहे का, हे मी विचारत नाही. मी फक्त नियम सांगितला.

तांदूळ इथे लालसर असतो. आपल्यासारखाच.

सुमेध

•

साखरकोंड
२ मार्च २०२५

पूज्य भन्ते,
वंदन.

तुझं पत्र मी विहाराच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. दारावरून जाणाऱ्या रस्त्याचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. रस्त्याला खड्डा नाही यावर मात्र कुणाचाच विश्वास बसला नाही. इथून राजापूरला जायचं झालं तरी सखू आजी आधी सगळ्यांना भेटून घेते.

काकी म्हणाली, "खड्डं नाय तर डायवर जागा कसा ऱ्हातो?"

त्यावर महेंद्र म्हणाला, "काकी, तिकडचे डायवर झोपून येतात."

महेंद्र म्हणजे आपल्या नाक्यावरचा टेम्पोवाला. तो या विषयातला जाणकार समजला जातो कारण तो एकदा पनवेलपर्यंत जाऊन आला आहे.

पण माध्यान्हीचा नियम वाचला आणि काकी उठून गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळाने परत आली ती बेतच सांगत. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. ओल्या काजूची उसळ करायची होती, पण ती मे महिन्यात विमानात टिकणार नाही असं सगळ्यांनी समजावलं. मुंबईत राजेंद्र काकांच्या घरी आदल्या संध्याकाळी भाकऱ्या भाजणार. डबा हातात, मांडीवर. सुकटीच्या वासाने विमानातले लोक काही बोलले तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना बी देईन की वाईच."

म्हणजे भन्ते, विमान बघायचं प्रकरण मिटलं. तिला तुला जेवू घालायचं आहे. एवढ्यासाठीच ती समुद्र ओलांडून येते आहे. हे तिने मला सांगितलेलं नाही आणि मी तुला सांगितलेलं नाही.

आता माझे प्रश्न.

ती तुला हाताने घास भरवणार असं म्हणते. चालेल का?

दुसरं. तू रस्त्यावर उभा राहा. पाहुणा यायचा तर फाट्यावर घरातलं माणूस उभं असलंच पाहिजे, नाहीतर पाहुणा मनातल्या मनात रागावतो आणि चहा घेत नाही. रस्ता तुझ्या दारावरून जातो तेव्हा तुला लांब जायला नको. गाडी दिसली की हात कर. काकीला मी तसं सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "उबा ऱ्हायला तर ऱ्हायला." म्हणजे उभा राहाच.

आपली,
आम्रपाली

•

जा-एला
२१ मार्च २०२५

आयुष्मती ताई,

पत्र वाचून मी दोन वेळा ध्यानाला बसलो आणि दोन्ही वेळा मला सुकटीचा वास आला. हे नायक भन्तेंना सांगितलं. ते म्हणाले, "वासाकडे फक्त पाहा." मी पाहिलं. वास वाढला.

घास भरवता येणार नाही. पात्रात वाढायचं. आईने पात्रात वाढलं की ते दान होतं, आणि जगातल्या कुठल्याही दानाइतकंच मोठं होतं. मिठी मारता येणार नाही. हे तिला तू सांग. मी लिहिताना माझंच अक्षर बिघडलं.

आता रस्त्याचं. ताई, मी दारावरून म्हणालो ते खरं आहे, पण रस्ता वरून जातो. आमच्या दारासमोर उंच भराव आहे, त्यावर मार्ग, त्याला जाळीचं कुंपण. गाडी तिथे थांबत नाही. हात दाखवला तरी नाही, रडलं तरी नाही. थांबणं गुन्हा आहे. उतरायचं ते ठरलेल्या जागी, जा-एलाच्या फाट्यावर, आणि मग खालच्या रस्त्याने विहारात यायचं. ड्रायव्हरला एवढंच सांगायचं, जा-एलाला खाली उतर. तो फाटा चुकला तर पुढे शहराच्या तोंडाशीच बाहेर पडता येतं, आणि परत यायला जुन्या गर्दीच्या रस्त्याने वेळ लागतो.

तरीही मी कुंपणापाशी उभा राहीन. नायक भन्तेंनी कारण विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडची रीत आहे. ते म्हणाले, पिवळं चीवर घालून महामार्गाला हात दाखवणारा भिक्खू मी आजवर पाहिलेला नाही. पण नाही म्हणाले नाहीत.

ती माझ्याशी बोलेल का, हे मला तुला विचारायचं नव्हतं. आता लिहिलं गेलं, खोडत नाही.

सुमेध

•

साखरकोंड
१६ एप्रिल २०२५

पूज्य भन्ते,
जय भीम, आणि वंदन.

जयंतीची गडबड परवा आटोपली. माझं भाषण झालं. विषय होता शिस्त आणि समाज. भाषण चालू असताना दोन्ही शाखांची मंडपाच्या दोरीवरून बोलाचाली झाली.

तुझ्या सूचना मी सगळ्यांना तोंडपाठ करून घेतल्या आहेत. नुसतं सांगून भागणार नाही म्हणून तालीमही घेतली. महेंद्रच्या टेम्पोत सगळ्या बायका बसवल्या. शाळेच्या वळणावर वाडीतल्या छोट्या सानिकाला पिवळी ओढणी गुंडाळून भन्ते म्हणून उभं केलं. टेम्पो जोरात न्यायचा, भन्ते दिसले तरी कुणी आरडाओरडा करायचा नाही, मुकाट पुढे जायचं, देवळाच्या फाट्याला वळायचं आणि खालच्या पाणंदीने परत यायचं. इतकं सोपं होतं.

टेम्पो वळणावर आला. सानिकाने हात केला. सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "आला, आला, आला." काकीने टेम्पोचं छप्पर बडवलं. महेंद्रने सवयीने ब्रेक मारला आणि सखू आजी दमयंती वहिनीच्या मांडीत जाऊन बसली.

मी म्हणाले, "असं करायचं नाहीये."

काकी म्हणाली, "थांबली की गाडी."

"तिकडची गाडी थांबणार नाही, काकी."

"तू आदी बगून आलीस काय?"

दुसरी तालीम घेतली तेव्हा सानिकाच ओरडली. तिसरीला महेंद्र डिझेलचं काहीतरी बोलून निघून गेला. पण सूचना सगळ्यांना समजल्या आहेत याची मला खात्री आहे. शिवाय जा-एला हा शब्द राजेंद्र काकांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत लाल शाईने लिहून घेतला आहे. ते म्हणाले, मुंबईत आयुष्य गेलंय माझं, मला रस्ते शिकवू नको.

विमान सकाळीच उतरतं. तू सांगितलेल्या रस्त्याच्या वेगाने हिशेब केला तर माध्यान्हीला भरपूर अवकाश आहे. मी इथे परीक्षेला बसेन, पण माझं लक्ष तुझ्या कुंपणापाशी असेल.

मिठीचं काकीला सांगितलं. ती म्हणाली, "तो जाणता झाल्यापास्नं कवा मारू देत व्हता?"

आपली,
आम्रपाली

•

जा-एला
१६ मे २०२५

आयुष्मती ताई,

पौर्णिमा झाली. ते सगळे इथून पुढे अनुराधपूरला गेले असतील. मी तुला घडलं ते लिहितो, कारण मला त्यातलं अर्धं समजलेलं नाही.

मी सकाळपासून कुंपणापाशी उभा होतो. हातात छत्री. येणारेजाणारे उपासक मला वंदन करत होते आणि कुणाची वाट पाहताय विचारत होते. आई येणार म्हटल्यावर दोघे-तिघे माझ्यासोबतच उभे राहिले. मग त्यांच्यासाठी कुणी चहा आणला. थोडक्यात आमचा फाटा झाला.

आणि गाडी आली. पांढरी व्हॅन. मी लांबूनच ओळखली, कारण बाकी सगळ्या गाड्यांच्या खिडक्या बंद होत्या आणि हिच्या प्रत्येक खिडकीतून हात बाहेर आले होते. मी हात केला. व्हॅनमधून एकच कल्लोळ उठला. सखू आजीचा जय भीम मला स्पष्ट ऐकू आला, पण तो व्हॅन गेल्यावर ऐकू आला. छपरावर कुणीतरी धडाधड मारत होतं. माझ्या शेजारचा उपासक म्हणाला, गाडी बिघडली वाटतं. मी म्हणालो, नाही, ती माझी आई आहे.

व्हॅनने जा-एलाचा फाटा घेतला नाही. सरळ कोलंबोला गेली.

मी वाट पाहिली. माध्यान्ह झाली, गेली. ते आले तेव्हा दुपार चांगलीच कलली होती. राजेंद्र काका एवढंच म्हणाले, "लोकांनी वाटेत सोडलंच नाही." तेवढ्यात प्रवचनाची घंटा झाली आणि मला भिक्खूंच्या ओळीत बसावं लागलं. समोर आपली वाडी बसली होती आणि मी खाली पाहत होतो.

प्रवचनानंतर आई पुढे आली. तीन वर्षांनी. तिने वाकून वंदन केलं, ताई, माझ्या पायाशी, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मग विचारलं, "जेवलास?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "उद्या सकाळी जेवेन."

तिने मान हलवली आणि पाठ फिरवून चालू लागली. तिच्या हातात डबा होता, त्याचं झाकण खुळखुळत होतं. डबा रिकामा होता.

तिने अन्न टाकून दिलं का? रागाने? मी कुंपणाशी उभा राहिलो नसतो तर त्यांनी आरडाओरडा केला नसता आणि फाटा चुकला नसता, असं मला वाटतं. तुला काही कळलं तर कळव. नायक भन्ते म्हणतात, मनाकडे फक्त पाहा. मी पाहतो. तिथे झाकण खुळखुळतं.

सुमेध

•

साखरकोंड
४ जून २०२५

पूज्य भन्ते,
वंदन.

सगळे सुखरूप परतले. तुझं पत्र त्यांच्या आधी पोचलं होतं, पण मी काकीच्या तोंडून ऐकेपर्यंत थांबले. आता ऐकलं. ओट्यावर बसून ऐकलं, चार वेगवेगळ्या बायकांकडून, आणि प्रत्येकीच्या सांगण्यात आपण एकटीच शांत होतो असं आहे.

विमान उतरलं. ड्रायव्हरचं नाव नुवान, तरुण, हसरा, थोडं हिंदी समजणारा. राजेंद्र काका त्याच्या शेजारी बसून कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवत होते. रस्ता खरंच तू लिहिलास तसाच निघाला. सखू आजी तेवढ्यात झोपली. मग काकीने तुला पाहिलं.

ती म्हणते ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "त्यो बग, केवडा बारीक झालाय."

बाकीच्या म्हणतात तिने सखू आजी दचकून उठेल असं छप्पर बडवलं, पुढे जाऊन नुवानच्या खांद्याला धरलं आणि सांगितलं, "थांबव रे बाबा, पोर उबा हाय माझा." नुवान घाबरला. त्याला वाटलं मागे कुणाला काही झालं. थांबता येत नव्हतं म्हणून त्याने उलट वेग वाढवला. लाल शाईने लिहून घेतलेल्या जा-एलाची पाटी डोक्यावरून गेली तेव्हा राजेंद्र काका मागे वळून बायकांना शिस्तीबद्दल बोलत होते.

फाटा चुकला. पुढे शहराच्या तोंडाशी बाहेर पडून जुन्या रस्त्याने परत निघाले. तेव्हाही वेळ होता. पण भन्ते, तू एक गोष्ट लिहायला विसरलास. त्या पौर्णिमेला तुमच्याकडे लोक रस्त्यात मांडव घालतात आणि येणारीजाणारी वाहनं अडवून सगळ्यांना फुकट जेवू घालतात.

पहिल्या मांडवाला झेंडे घेतलेल्या पोरांनी व्हॅन अडवली आणि भात वाढला. दुसऱ्याला उकडलेले चणे. तिसऱ्याला आइस्क्रीम. नुवान म्हणाला, नाही म्हणायचं नसतं, त्यांना पुण्य लागतं. प्रत्येक ठिकाणी काकी खाली उतरून लोकांना समजावत होती की आम्हाला जाऊ द्या, माझा मुलगा उपाशी आहे. भाषा येईना, म्हणून खुणा करत होती. तोंडाकडे बोट, पोटाकडे बोट, डब्याकडे बोट, वर सूर्याकडे बोट. लोकांना एवढंच समजलं की या बाईला फार भूक लागली आहे. त्यांनी तिला प्रत्येक ठिकाणी दुप्पट वाढलं. एका म्हातारीने तर जवळ बसवून पाठीवरून हात फिरवला.

सखू आजी सगळ्या मांडवांत जेवली. तिचं म्हणणं, अशी सहल दरवर्षी काढावी.

चौथ्या मांडवापाशी वाहनांची रांग हलेनाच. नुवानने घड्याळाकडे पाहून मान हलवली. आता पोचणार नाही, हे काकीला न सांगताच कळलं. ती व्हॅनच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली. दमयंती वहिनी म्हणते, ती रडेल म्हणून सगळ्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या. पण ती समोर पाहत होती. मांडवाला लागून एक छोटा विहार होता आणि त्याच्या दारात एक कोवळा भिक्खू पात्र घेऊन बसला होता. सगळे लोक रस्त्यावरच्या वाहनांना वाढण्यात गुंतले होते, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

काकी उठली. त्याच्यासमोर गेली, वाकली, आणि डबा उघडून सगळ्याच्या सगळ्या भाकऱ्या आणि सगळी चटणी त्याच्या पात्रात घातली. हाताने भरवलं नाही, मुद्दाम सांगायला सांगितलंय. तो जेवला. सुकटीच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने पात्र पुसून खाल्लं. तो जेवेपर्यंत काकी डब्याच्या झाकणाने त्याला वारा घालत होती. राजेंद्र काकांनी फोटो काढला आहे. त्यात त्यांचं बोट आलं आहे.

मी विचारलं, "काकी, तुला वाईट नाही वाटलं? एवढं तुझ्या मुलासाठी नेलं होतंस."

ती म्हणाली, "त्यो बी कुणाच्या तरी आयचा पोर. मी हितं त्याला घातलं, तितं माझ्याला कुणी घातलं असंल."

म्हणून डबा रिकामा होता. रागावली असती तर भाकरी परत आणून आम्हाला खायला लावली असती. तुझं उत्तर तिने असं धरलं की आजचं जेवण झालं, आता पुढचं उद्या सकाळी. भिक्खू असंच बोलत असतील, असं तिला वाटलं. आणि पाठ फिरवली ती डोळे पुसायला. सखू आजीने पाहिलं असतं तर साऱ्या वाडीत झालं असतं.

आता तिचा निरोप. त्या दिवशी तुला कुणी वाढलं तिचं नाव कळव. काकी म्हणते, "त्या बायला माझा जय भीम सांग. तिच्यासाठी काजूगर धाडते."

आपली,
आम्रपाली

•

जा-एला
२३ जून २०२५

आयुष्मती ताई,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. नायक भन्तेंनाही सिंहलीत सांगितलं. आइस्क्रीमपाशी ते हसले. भिक्खूपाशी त्यांनी डोळे मिटले.

आता मला खरं लिहायचं आहे. त्या दिवशी मला कुणी वाढलं नाही. म्हणजे वाढायला सगळे आले होते. सोमावती नावाच्या उपासिका रोज दान आणतात, त्या दिवशी तर खीर होती. त्यांनी दोनदा कुंपणापर्यंत येऊन विचारलं. मी म्हणालो, आई येते आहे, तिच्या हातचं घेईन. माध्यान्ह होईपर्यंत मी तेच म्हणत राहिलो, आणि मग घेता येत नव्हतं.

त्या दिवशी मी उपाशी राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवलो, आईला सांगितलं तसं.

नायक भन्ते रागावले. म्हणाले, घर सोडून आलेला भिक्खू आईच्या भाकरीसाठी दारात आलेलं दान परतवतो, ही आसक्ती आहे. त्यांचं बरोबर आहे. त्यांनी मला येत्या वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तिन्ही महिने कुंपणाच्या बाजूचं अंगण झाडायला सांगितलं आहे. शिक्षा म्हणून तीच बाजू.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. तिच्या मनात तिचं सगळं जुळलेलं आहे, एका बाईने तिच्या मुलाला घातलं, तिने दुसरीच्या. ते मोडू नये असं मला वाटतं. पण माझ्या नावाने खोटंही सांगू नको. मला माहीत आहे, मी तुला दोन्ही बाजूंनी अडवतोय. लहानपणीही असंच करायचो.

सुमेध

•

साखरकोंड
११ जुलै २०२५

पूज्य भन्ते,
वंदन.

तुझं पत्र घेऊन मी आधी माझ्या खोलीत बसले. मी शाळेतल्या मुलांना सांगते की सत्य कितीही कठीण असलं तरी बोलावं. फळ्यावरही लिहिते. मग वाटलं, सत्य न बोलणं आणि खोटं बोलणं यांत अंतर आहे. बी.एड.ला यावर एक धडाही होता. पण त्यात काकी नव्हती.

ती दारात येऊन उभी. "पत्र आलं ना? वाच."

मी वाचायला लागले. नायक भन्तेंचं हसणं वाचलं. पुढच्या ओळीशी आले आणि कागदावर डोळे ठेवून म्हणाले, "तिकडे हवा चांगली आहे. पाऊस बेताचा आहे. तिवरांना नवी पालवी आली आहे."

काकी म्हणाली, "अजून?"

"खाडीला पाणी भरपूर आहे."

"एवडं कागदभर हवापाण्याचं लिवलंय त्यानं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला खोटं बोलता येत नाय गो. बारावी-पंदरावी शिकलीस, तेवडं ऱ्हायलं शिकायचं. खरं वाच."

मी वाचलं. शब्द न शब्द.

तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता रडेल, मग वाटलं ओरडेल. ती उठली आणि पावसातच डोक्यावर इरलं घेऊन बाहेर गेली. मी घाबरून मागे गेले. ती सरळ सखू आजीच्या पडवीत शिरली आणि म्हणाली, "आजी, माझा पोर उपाशी ऱ्हायला. माझी वाट बगत." तिथून दमयंती वहिनीकडे. तिथून नाक्यावर, महेंद्रच्या टेम्पोपाशी. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य, आणि भन्ते, तिचं तोंड असं फुललेलं मी तुझ्या दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मुंबई शाखेला समजलं. राजेंद्र काका म्हणाले, सहलीच्या अहवालात हे उपोषण म्हणून घालू. मी विचारलं, कशाविरुद्ध? ते म्हणाले, ते बैठकीत ठरवू.

मग सकाळी काकी माझ्याकडे आली. म्हणाली, "माझं लिव. मी सांगतंय तसंच लिव, शहाणपणा घालू नको." तसंच लिहिते आहे. इथून पुढे तीच बोलते आहे.

भन्ते, वंदामि. मी गंगा. तुजी आय.

तीन वर्सं मना वाटत व्हतं, भिक्खूला आय नसते. चीवर घातलं की पुसली. म्हणून मी तुजं नाव घेत नव्हतं. आपणच कशाला घ्यावं. मी परवानगी दिली नव्हती हे खरं हाय. आता देते. हे पत्र तुज्या मोट्या भन्त्यांना दाखव.

त्यांना सांग, पोराची चूक नाय. मी त्याला ल्हानपणापास्नं असंच ठेवलं, मी शेतातनं येईपावेतो जेवायचा नाय. त्यांनी शिक्षा केली ती बरी केली. अंगण नीट झाड.

सोमावतीबायला जय भीम सांग. तिची खीर परत केलीस ती चांगली गोष्ट नाय. पुना करू नको. तिच्या हातचं खा. तिच्यासाठी काजूगर धाडलंय, त्यातलं तुला देईल तर घे.

मी पुढल्या वर्सी ह्याच पुनवेला परत येतंय. सखू आजी बी येणार, ती जेवायला येतंय. ह्या खेपेला मी गाडीत गप बसंन. पण तू रस्त्यावर येऊ नको. हात करू नको. मना तुजं दार म्हाईत हाय आता. मी येईन तवा येईन, भाकरी असंल नायतर नसंल. माझी वाट बगू नको, बाबा. वेळ झाली की जेवून घे.